चार ठिपके सोल्युशन

पॉलिटेक्निकच्या ड्रॉइंग हॉलमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या बोर्डावरच्या चारही पिना नखानं उपसून काढल्या आणि स्वतःच्या टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. डबा निम्मा भरलेला होता.

"कुणी शिकवलं ह्ये?"

"दुकानदारानं शिटाबरोबर दिल्या, सर."

"दुकानदार इंजिनियर हाय व्हय?" सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. माझ्या बोर्डावर हात फिरवत म्हणाले, "बघ, बघ ह्येच्याकडं. देवी आल्यात बोर्डाला! हितं टी-स्क्वेअरची पट्टी अडखळती, हितं पेन्सिल खड्ड्यात जाती. आन् तुझी रेघ वाकडी आली की तू म्हननार, सर मार्क कापतात."

मग त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली.

बुटका, भक्कम माणूस. पांढरा हाफ शर्ट, पट्ट्यावरून ओघळलेलं पोट, आणि खिशात पेनाऐवजी नेलपॉलिशच्या दोन बाटल्या, एकीचं टोपण लाल आणि एकीचं गुलाबी. आत नेलपॉलिश नव्हतं. मधासारखं पातळ काहीतरी होतं. सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्युशन, त्यात पेट्रोल घालून सरांनी ते पातळ केलेलं असायचं. त्यांनी माझा शीट उलटा केला, बाटलीच्या टोपणातल्या ब्रशनं चार कोपऱ्यांत मसुरीएवढे चार ठिपके ठेवले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"आता काय करायचं, सर?"

"काय न्हाय. थांबायचं. वलं असताना चिकटवलं तर कायमचं चिकटतंय. चकाकी गेली की लावायचं."

ठिपक्यांची चकाकी गेली. सरांनी शीट बोर्डावर टेकवला, थोडा तिरका बसला म्हणून अलगद उचलला, पुन्हा टेकवला आणि तळहातानं दाबला. "ओढ." मी ओढून पाहिलं. शीट जागचा हलला नाही. मग त्यांनी कोपरा नखानं धरून वर घेतला, बारीक आवाज करत शीट अख्खा सुटून हातात आला. कोपरे जसेच्या तसे. बोर्डावर राहिलेले ठिपके त्यांनी अंगठ्यानं चोळले, त्यांची वळवटं झाली, आणि ती वळवटं त्यांनी टेबलावरच्या एका काळपट चेंडूला चिकटवली. कित्येक वर्षांच्या वळवटांचा तो चेंडू मोसंबीएवढा झाला होता. शिटावर कुठं चिकटपणा राहिला की ते तोच चेंडू घासून काढायचे.

"कागद हलला न्हाय पायजे आन् कागदाला लागलंबी न्हाय पायजे," सर म्हणाले. "दोन्ही जमलं की ड्राफ्ट्समन झालीस."

मी कोडोलीहून आलेली. घरी ऊस, दोन म्हशी आणि मुलीनं इंजिनियर व्हावं असा हट्ट धरलेले वडील. मला वाटलं, हे कसलं कॉलेज!

सेलोटेप लावणाऱ्यांची गत पिनावाल्यांपेक्षा वाईट व्हायची. टेप काढताना शिटाचा कोपरा फाटला की सर तो तुकडा उजेडाला धरून सगळ्या वर्गाला दाखवत. "कातडी सोलली ह्येनं! जित्या कागदाची!" एखादा मुलगा उशिरा आला की दारातूनच स्वागत व्हायचं, "या पावणं! चा घेणार का सरबत?" आणि तो बिचारा खरंच ओशाळून "नको सर" म्हणाला की हॉलचं छप्पर उडायचं.

नेलपॉलिशच्या बाटल्यांना सरांच्या लेखी मोल होतं ते टोपणातल्या ब्रशमुळं. साठ जणांच्या वर्गात आम्ही सहा मुली. आमच्याकडं ते रिकाम्या बाटल्या मागायचे, तेही भर वर्गात, खणखणीत आवाजात. आमच्या घरात नेलपॉलिश लावणारं कुणीच नव्हतं. पेठवडगावला दिलेली आत्या तेवढी हौशी होती. तिच्या तीन बाटल्या मी रुमालात बांधून आणल्या. सरांनी एकेक टोपण उघडून ब्रश बोटावर फिरवून बघितला आणि ओरडले, "आरं, लई भारी ब्रश हाय ह्येचा! तुझ्या आत्याला नमस्कार सांग!" त्या दिवसापासून तीन वर्षं मला पोरं 'पॉलिश' म्हणत होती.

एकदा प्राचार्यांचं परिपत्रक आलं. वर्गात पेट्रोल किंवा कुठलाही ज्वलनशील पदार्थ आणू नये. बरोबरच होतं ते. सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं, त्याच्या मागं चार ठिपके लावले, वाळू दिले आणि ते नोटीस बोर्डावर असं सरळ बसवलं की प्राचार्य स्वतः येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या व्हरांड्यात गेल्या. तास सुरू व्हायच्या आधी आम्ही साठ जण उलटे शीट दोन्ही हातांवर धरून व्हरांड्यात रांगेनं उभे असायचो, पापड वाळत घालायला निघाल्यासारखे. खालून जाणारी मेकॅनिकलची पोरं वर बघून विचारायची, "ऊन लागलं का रं?"

सरांचं घर मंगळवार पेठेत. काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंती बघतच राहिले. कॅलेंडर, लाइट बिल, डॉक्टरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, सगळं भिंतीवर आणि कुठंही एक खिळा नाही.

"खिळा मारायची सोय न्हाय बाई ह्या घरात," काकू म्हणाल्या. "देवाचा फोटो तेवढा टांगलाय, तोबी माझ्या सासूबाईंनी. ह्यांच्या जन्माआधी."

"आणि सरांना हे सुचलं कसं, काकू?"

काकू हसायला लागल्या. "लग्न होऊन आठ दिवस झालते. मी रात्री टिकली काढून आरशाला लावायची, सकाळी तीच परत कपाळाला. हे आरशासमोर उभं. दाढी राहिली बाजूला, टिकली काढतात, लावतात, काढतात, लावतात. मला वाटलं, बाबांनी कुठल्या येड्याच्या गळ्यात बांधलं मला! शेवटी म्हणतात, 'अगं, ही परत चिकटते!' म्हटलं, चिकटणारच की!"

सर आतून ओरडले, "माझ्या आधी कुणाला सुचलं व्हतं का सांग!"

डिप्लोमा झाला. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत डिझाइनला लागले. दिवसभर कॉम्प्युटर. पॉलिटेक्निकमध्येही हॉलमधले निम्मे बोर्ड काढून तिथं कॉम्प्युटर बसवले. एकदा मिसळ खाताना सर भेटले. मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात होते. म्हटलं, "सर, आता कागदच राहिला नाही. चिकटवायचं काय?" त्यांनी पाव बुडवून खाल्ला, तोंड पुसलं आणि विचारलं, "ड्राफ्टर इकलास का अजून हाय?" बोर्डाला लावून रेघा मारायचं ते दोन दांड्यांचं साधन अजून माझ्या रूमवर होतं. म्हटलं, हाय. एवढंच बोलून ते उठले. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

आणि मग महापूर आला.

निम्म्या शहरात लाइट नव्हती. कोडोलीचा रस्ता पाण्याखाली, म्हणून मी घरी जाऊ शकत नव्हते. कंपनीलाही सुट्टी. मी रूमवर बसून होते. पाणी ओसरून तीन दिवस झाले, त्या सकाळी सरांचा फोन आला.

"कुठं हायस?"

"रूमवर, सर."

"ड्राफ्टर घिऊन ये. लगीच."

"येतो, सर," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. पलंगाखालचा ड्राफ्टर झटकला आणि निघाले.

सरांच्या बाहेरच्या खोलीत एक म्हातारा उकिडवा बसला होता. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावाच्या पाणी योजनेवरचा पंप ऑपरेटर. गावात त्याला सगळे तात्या म्हणत. सरांच्या हाताखाली शिकलेल्या गावातल्याच एका पोरानं त्याला इकडं धाडलं होतं. त्याच्या पुढ्यात एक पोतं आणि एक प्लास्टिकची पिशवी. पोत्यात पंपाच्या इंपेलरचे तुकडे होते. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारं, पाणी वर फेकणारं पात्यांचं चाक. पंपघर चार दिवस बुडालेलं. पाणी उतरल्यावर मोटर वाळवून पंप सुरू केला, तर आत अडकलेल्या लाकडानं बिडाचं ते चाक फोडून टाकलं. दोन पाती तर सापडलीच नाहीत.

"दुकानदार म्हंत्यात, ह्ये मॉडेल बंद झालंय. नवा पंप यायला महिना," तात्या म्हणाला. "आन् हिरीत सगळा चिखल. टँकर एक दिसाआड. पोरांना उलट्या-जुलाब लागल्यात. माझी नात सलाईनवर हाय."

पिशवीत त्या पंपाच्या ड्रॉइंगची निळ्या रेघांची जुनी प्रिंट होती. भिजलेली, अकरा तुकडे झालेली. कधीतरी ती फाटली होती, म्हणून कुणीतरी डिंक थापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. पुरात पुठ्ठा फुगला, काही ठिकाणी डिंक सुटला आणि काही ठिकाणी कागदाची वरची साल घेऊन गेला. नेमका पात्याच्या रुंदीचा आकडा त्या सालीबरोबर गेला होता.

सरांनी तो तुकडा बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "कुणी लावला डिंक? ज्यानं ह्यो डिंक लावला, त्येला माझ्यासमोर उभा करा!"

तात्या खाली बघत म्हणाला, "मीच लावलता, सर. फाटली व्हती. वाटलं, नीट राहील."

काकू आतल्या दारात थांबल्या. सरांनी एक मोठा श्वास सोडला. "बसा, तात्या. असं उकिडवं नगं, नीट बसा. चा टाक गं."

मी म्हटलं, "सर, तुकडे स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडू."

"लाइट कुठं हाय?"

लाइट नव्हती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपली होती. आणि सुरकुतलेले ते तुकडे कुठल्याच मशीनखाली सपाट बसले नसते. "लोखंडाचे तुकडेच मोजले तर?" मी विचारलं. सरांनी पोत्यातला एक तुकडा माझ्या हातात दिला. पात्याची कड सुरीसारखी झाली होती. "इतकी वर्सं वाळू खाल्लीया ह्येनं. ह्ये माप खोटं. खरं माप कागदावर. चल, बोर्ड काढ!"

काकूंनी स्टोव्हवर पाणी उकळलं, सपाट बुडाच्या पातेल्यात ओतलं आणि वर्तमानपत्राखाली एकेक तुकडा ठेवून पातेल्यानं इस्त्री करायला सुरुवात केली. सरांनी बोर्ड खिडकीत आणला. मी नव्या शिटाच्या मागं चार ठिपके ठेवले. सर म्हणाले, "दमानं." चकाकी गेली, शीट बसवला, मध्यरेषा मारल्या, जे आकडे वाचता येत होते त्यांच्या मापाची वर्तुळं काढली. मग त्या वर्तुळांवर जुन्या प्रिंटचे तुकडे बसवायला लागलो.

पहिला तुकडा. मागं चार बारीक ठिपके, वाळू दिले, ठेवला. दुसरा ठेवला. पात्याची वाकडी रेघ पहिल्यातून निघून दुसऱ्यात जाताना केसाएवढी तुटत होती. सरांनी दुसरा उचलला, जरा डावीकडं. पुन्हा तुटली. उचलला, जरा फिरवला. भिंग लावून बघितलं. "न्हाय!" पुन्हा उचलला. प्रत्येक वेळी तुकडा अख्खा सुटून येत होता, एक धागासुद्धा फाटत नव्हता. ओला डिंक असता तर दुसऱ्याच प्रयत्नात त्याचा लगदा झाला असता. किती वेळा उचलला हे मी मोजायचं सोडून दिलं. आणि एकदम सर ओरडले, "बसला! बसला! बघ रेघ!" मी भिंगातून बघितलं. निळी रेघ एका तुकड्यातून दुसऱ्यात अशी गेली होती की फाट कुठं आहे ते शोधावं लागत होतं.

तिसरा, चौथा, पाचवा. आम्हाला जेवणाची शुद्ध नव्हती. आठवा काही केल्या बसेना. मी वैतागून तो बाजूला ठेवला. तात्या गुडघ्यांवर पुढं सरकला. "सर, ह्यो तुकडा हितला न्हाय. ह्यो पलीकडच्या अंगाचा. ह्या भोकात चाक दांड्याला अडकवायची चावी बसती, मी स्वतः बसवलीया."

सरांनी तात्याकडं बघितलं. "तुमीच बसवा."

"माझं हात घाण हाईत."

"पुसा की मग!"

तात्यानं धोतराला हात पुसले आणि तो तुकडा पलीकडं ठेवला. चारही बाजूंच्या रेघा एकदम जुळल्या! मी टाळ्या वाजवल्या, काकू पातेलं घेऊनच बाहेर धावत आल्या, आणि सरांनी तात्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की म्हातारा खोकायला लागला.

राहिला गेलेला आकडा. सरांनी पोतं जमिनीवर उपडं केलं आणि एकेक तुकडा खिडकीशी नेऊन बघितला. शेवटी पात्याच्या बुडाजवळचा एक टवका सापडला, जिथं वाळू पोचलीच नव्हती. भट्टीतून आला तेव्हाचा खरबरीतपणा अजून त्यावर होता. मिलिमीटर मोजायची पट्टी, व्हर्नियर, लावून मी वाचलं. "बावीस." सरांनी परत वाचायला लावलं. "बावीस, सर." मग तात्याला भिंग देऊन वाचायला लावलं. तात्यानं बराच वेळ लावला आणि म्हणाला, "दोनावर दोन. बावीस."

"ल्ही!" सर ओरडले.

त्या जुळवलेल्या तुकड्यांवरून दुसऱ्या शिटावर नवं ड्रॉइंग मी काढलं. सर पाठीशी उभे. चार वाजता शेवटची रेघ मारली. कोपऱ्यातल्या चौकटीत 'ड्रॉन बाय'समोर सरांचं नाव घालायला मी पेन्सिल टेकवली, तर त्यांनी ती काढून घेतली आणि आपल्या सुबक अक्षरांत माझं नाव लिहिलं. खाली 'चेक्ड बाय'समोर स्वतःची सही केली. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "खोटं ल्हिऊ व्हय मी ड्रॉइंगवर?"

मग त्यांनी अकराच्या अकरा तुकडे एकेक करून सोडवले, कॉलेजातून घरी आणून ठेवलेल्या त्याच चेंडूनं पाठी साफ केल्या आणि लखोट्यात घालून तात्याला दिले. "ह्ये तुमचं. एक टवका उडाला न्हाय. आता ह्येला काय लावू नगासा."

कागलला माझ्या कंपनीशेजारी बिडाचं ओतकाम करणारी एक फाउंड्री होती. तिथं लाइट होती. मालक ड्रॉइंग बघून म्हणाला, "हातानं काढलंय? आजच्या दिवसात?" सर म्हणाले, "हात हाईत म्हनून." पॅटर्नवाल्या मिस्त्रीनं दोन दिवसांत साच्यासाठी लाकडाचा नमुना केला. या दोन दिवसांत सर माझ्या स्कूटीवर मागं बसून, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी धरून रोज कागलला येत होते. खड्डा आला की "कागद! कागद!" असं ओरडायचे, स्वतः पडतील याची फिकीर नव्हती. तिसऱ्या दिवशी ओतकाम झालं, चौथ्या दिवशी लेथवरून नवं कोरं चाक उतरलं. सरांनी पात्याच्या रुंदीला व्हर्नियर लावला, माझ्यापुढं धरला. बावीस.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तात्याच्या पंपघरात होतो. भिंतीवर छातीपर्यंत चिखलाची रेघ. बाहेर अख्खं गाव जमलेलं, बायका रिकाम्या घागरी घेऊन. टाकी वर टेकडावर, आणि तिथं तात्याची सून फोन घेऊन उभी. तात्यानं चाक चढवलं, नट आवळले, हात जोडले आणि स्टार्टर ओढला.

मोटर घुमली. पंप थरथरला, मग आवाज एकसारखा झाला. सर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकत वाकले. डोळे मिटलेले. दाबाचा काटा हळूहळू वर चढत होता. एक मिनिट. दोन मिनिटं. चढावरची पाइपलाइन भरायला वेळ लागणार हे मला कळत होतं, तरी मी सारखी काट्याकडं बघत होते.

फोन वाजला. तात्यानं स्पीकर लावला.

"मामंजी!" सून ओरडत होती. "मामंजी, नुसतं वारंच यायलंय पायपातनं!"

तात्याचा चेहरा पडला. सर डोळे न उघडता म्हणाले, "वारं म्होरं, पानी मागं. थांब म्हनावं."

फोनमधून फुसफुस ऐकू येत होती. मग एक ढेकर दिल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. आणि मग सून अशी किंचाळली की पंपघर दणाणलं, "आलं! आलं! मामंजी, पानी आलं, लाल हाय, न्हाय न्हाय, निवळायलंय, आलं!"

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी घागर बडवायला लागलं. तात्या खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. सरांनी स्क्रूड्रायव्हर फेकला, तात्याच्या हातातला फोन हिसकावला आणि त्यात सगळ्या जोरानं ओरडले, "पोरी, बोलू नगंस! फोन टाकीजवळ धर! जवळ, आनखी जवळ!"

तिनं धरला. रिकाम्या टाकीच्या तळावर पाणी आदळत होतं, धो धो, धो धो. सरांनी फोन माझ्या कानाला लावला, मग तात्याच्या, मग पुन्हा माझ्या, आणि विचारत राहिले, "ऐकतीस न्हवं? ऐकतीस न्हवं?"